लहान होडीतून नदीवरची मासेमारीची उन्हाळी सुट्टी : नवख्यांसाठी नियोजन

मासेमारीच्या सुट्टीचा बेत बहुधा होडीपासून किंवा गळांच्या पेटीपासून सुरू होतो. होडी कोणती घ्यावी, इंजिन किती अश्वशक्तीचे असावे, रॉड कोणता चांगला, या चर्चेत आठवडेच्या आठवडे जातात आणि जायचे नेमके कुठे, हे मात्र निघण्याच्या दोन दिवस आधी घाईघाईत ठरते. नवख्या माणसाने हा क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आधी नदी निवडावी, मग तिचा एक लहानसा पट्टा निवडावा, त्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाणी कसे वागते हे समजून घ्यावे आणि त्यानंतरच होडीचा व सामानाचा विचार करावा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या असून चार-पाच दिवसांची सुट्टी, दोन किंवा तीन माणसे आणि एक लहान होडी एवढे त्यांत गृहीत धरले आहे.

पट्ट्याची निवड

लहान होडी लांबचा पल्ला गाठण्यासाठी नसते. काठावरून गळ पोहोचत नाही अशा जागी शांतपणे थांबता यावे, हा तिचा खरा उपयोग. म्हणून चार-पाच दिवसांसाठी आठ ते दहा किलोमीटरचा पट्टा पुरेसा होतो. रोज नवा मुलूख पाहण्याच्या हौसेने तीस-चाळीस किलोमीटरचा प्रवास आखला, तर निम्मा दिवस वल्ही मारण्यात जातो आणि एकाही डोहाची नीट ओळख होत नाही. तोच पट्टा रोज पालथा घातला, की सकाळी मासा कुठे असतो आणि ऊन चढल्यावर कुठे सरकतो, याचा अंदाज हळूहळू येऊ लागतो.

पट्टा ठरवताना नकाशा आणि उपग्रहचित्र शेजारी शेजारी ठेवावे. कमी पाण्याच्या दिवसांतले चित्र मिळाले, तर एरवी पाण्याखाली दडलेले वाळूचे दांडे, खडकांच्या रांगा आणि उथळ भाग त्यात स्पष्ट दिसतात. नदीची वळणे, बेटे, ओढे-नाले येऊन मिळतात त्या जागा, पूल, बंधारे, वीजवाहिन्या आणि होडी पाण्यात उतरवता येईल असे उतार कागदावर खुणा करून ठेवावेत. पट्ट्यात किमान दोन ठिकाणी होडी बाहेर काढता आली पाहिजे आणि तिथवर गाडी गेली पाहिजे, कारण पाणी चढले किंवा इंजिन बंद पडले, तर निघालेल्या ठिकाणीच परत जाता येईल याचा भरवसा नसतो.

याच टप्प्यावर नियमांची चौकशी उरकावी. मासेमारीचा परवाना लागतो का, अंडी घालण्याच्या काळात मासेमारीला बंदी असते का, कोणत्या जातीचा मासा किती लांबीपेक्षा लहान असल्यास सोडून द्यावा लागतो, एका दिवसात किती मासे ठेवता येतात, होडीची नोंदणी करावी लागते का आणि त्या पट्ट्यात इंजिन चालवण्यास परवानगी आहे का, एवढे प्रश्न तरी विचारावेतच. हे नियम नदीनुसारच नव्हे, तर कधीकधी एकाच नदीच्या दोन भागांतही वेगळे असतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. नदीवर रोज वावरणारा मासेमार किंवा नावाडी भेटला, तर मात्र मासे कुठे लागतात हे विचारण्याआधी ‘इथे पाणी किती वेळात चढते?’ हे विचारावे. त्याच्या उत्तरावर मुक्कामाची जागा, निघण्याची वेळ आणि कधीकधी अख्खा बेतच अवलंबून असतो.

पाणी चढण्याचे कारण डोळ्यांसमोर असतेच असे नाही. आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, दूर कुठे तरी जोराचा पाऊस झालेला असू शकतो. नदीवर धरण असेल, तर वीजनिर्मितीसाठी किंवा सिंचनासाठी सोडलेल्या विसर्गाने पात्र थोड्याच वेळात भरू लागते. पाटबंधारे किंवा जलसंपदा खाते पाण्याची पातळी आणि विसर्ग जाहीर करत असेल, तर ते आकडे जाण्यापूर्वी आठवडाभर रोज पाहावेत. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट, किंवा क्युमेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनमीटर, असा दिलेला असतो. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. नवख्याला नुसत्या आकड्याने काही बोध होत नाही. त्यासाठी एकदा नदीकाठी जाऊन पाणी प्रत्यक्ष पाहावे आणि त्या दिवशीचा आकडा टिपून ठेवावा, म्हणजे पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की होडीवर पडणारा त्याचा जोर चौपट होतो. काल सहज पार केलेली धार आज थोडीशीच वेगवान वाटली, तरी ती कालची धार राहिलेली नसते.

बंधाऱ्यांविषयी मी कोणतीही सवलत देणार नाही. ज्यावरून पाणी सलग वाहत असते असा कमी उंचीचा बंधारा वरच्या अंगाने येणाऱ्या होडीला जवळपास दिसतच नाही. फक्त पाण्याचा पृष्ठभाग एका सरळ रेषेत अचानक संपल्यासारखा वाटतो. खाली पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि त्याचा काही भाग बंधाऱ्याकडेच उलटा वळतो. त्या चक्रात सापडलेली वस्तू, मग ती होडी असो, ओंडका असो वा लाइफ जॅकेट घातलेला माणूस असो, पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. म्हणून बंधारा नसलेला पट्टा निवडणे सर्वांत उत्तम. बंधारा असेलच, तर त्याच्या बऱ्याच आधी काठावर ठळकपणे दिसणारी एखादी खूण हेरावी आणि तिच्यापुढे कोणत्याही कारणाने जाऊ नये. खालच्या अंगानेही बंधाऱ्याच्या पायथ्याशी होडी नेऊ नये. तिथे मासे जमतात हे खरे, परंतु उलटा प्रवाह तिथेच असतो.

उन्हाळ्यातले पाणी आणि मासा

उन्हाळ्याच्या मासेमारीचे जवळजवळ सगळे गणित पाण्याच्या तापमानावर चालते. पाणी जितके तापते, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांना सुमारे ९.१ आणि ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. मासा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे पाणी तापले, की त्याच्या शरीरातील क्रिया वेगाने होऊ लागतात आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो, अशा कोंडीत सापडलेला मासा उन्हाच्या वेळी एक तर खाणे थांबवतो, नाही तर जिथे ही कोंडी थोडी सैल होते अशा जागी जातो.

अशा जागा चारच प्रकारच्या असतात आणि पट्ट्याच्या नकाशावर त्या आधीच हेरता येतात. खडकांवरून पाणी फुटत वाहते तो खळाळ आणि त्याच्या लगेच खालचा भाग, जिथे हवा पाण्यात मिसळलेली असते. थंड ओढा किंवा झरा नदीला मिळतो तो संगम. काठावरच्या झाडांची दाट सावली. आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचा खोल डोह. नदीच्या वळणावर प्रवाहाचा जोर बाहेरच्या काठावर येतो, तिथली माती खणली जाते आणि पात्र खोल होते. आतल्या बाजूला पाणी मंदावते, वाळू साचते आणि उथळ दांडा तयार होतो. एवढे एक तत्त्व लक्षात ठेवले, तरी अनोळखी नदीवर होडी कुठून न्यावी आणि गळ कुठे टाकावा, या दोन्ही प्रश्नांची अर्धी उत्तरे मिळतात.

सकाळ चांगली, हे सर्वच सांगतात. त्यातही एक बारकावा आहे. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री त्या स्वतःच तो वापरतात. त्यामुळे वनस्पतींनी भरलेल्या संथ पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो नेमका सूर्योदयाच्या सुमारास. म्हणून पहाटेची वेळ खळाळाच्या आसपास आणि वाहत्या पाण्यात घालवावी आणि वनस्पतींच्या कडा संध्याकाळसाठी राखून ठेवाव्यात. दिवसाचे वेळापत्रक यातूनच निघते : उजाडल्यापासून ऊन कडक होईपर्यंत मासेमारी, दुपारी सावलीत विश्रांती, ऊन उतरल्यावर पुन्हा मासेमारी आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामावर परत. नवख्याने पहिल्या सुट्टीत रात्री होडी चालवूच नये.

एक साधा तापमापक दोरीला बांधून सोबत ठेवावा. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशांच्या नदीवर पाणी २० अंशांच्या वर गेले, की त्यांच्यासाठी मासेमारी थांबवावी, कारण धडपडून थकलेला मासा सोडून दिला तरी वाचण्याची शक्यता कमी असते. कार्प किंवा मार्जारमीन (कॅटफिश) यांसारखे उबदार पाण्यातले मासे अधिक तापमान सोसतात. परंतु कमालीच्या उकाड्यात त्यांनाही सतत त्रास देऊ नये.

होडी

नदीचा पट्टा ठरला, की होडीचा प्रश्न निम्म्याने सुटतो. उथळ, वाळूच्या आणि संथ नदीसाठी साडेतीन ते चार मीटर लांबीची सपाट तळाची होडी नवख्यांना सर्वांत सोयीची, कारण तिचा तळ पाण्यात फारसा खोल जात नाही आणि ती सहज डगमगत नाही. मोठ्या, वाऱ्याला उघड्या असलेल्या पात्रात सपाट तळ लाटांवर आपटतो. तिथे पुढे निमुळता होत जाणारा तळ बरा. हवा भरून फुगवायची होडी वाहून न्यायला हलकी असते, पण टोकदार खडक, बुडालेली झाडे आणि स्वतःचेच गळ यांपासून तिला जपावे लागते. कयाकमधून, म्हणजे दुपाती वल्ह्याच्या अरुंद होडीतून, मासेमारी करता येते, मात्र वल्हवणे आणि गळ सांभाळणे या दोन्ही गोष्टी एकदम शिकाव्या लागतात, म्हणून पहिल्या सुट्टीसाठी मी ती सुचवणार नाही.

होडीवर किती माणसे व किती वजन चालेल, हे सांगणारी पट्टी असेल तर तीच प्रमाण मानावी. पट्टी नसेल, तर साध्या लहान होडीसाठी एक ढोबळ हिशेब वापरला जातो : फुटांत मोजलेली लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार करून त्याला १५ ने भागावे. बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद होडीसाठी हे उत्तर चार येते. परंतु हा आकडा शांत पाण्यातला आणि सामान जवळपास नसतानाचा आहे. मुक्कामाचे सामान, पिण्याचे पाणी, इंधन आणि बर्फाची पेटी धरली, तर त्या होडीत दोनच माणसे न्यावीत, फार तर तीन.

इंजिन असो वा नसो, वल्ह्यांची जोडी आणि एक जादा वल्हे सोबत असलेच पाहिजे. इंजिन असेल, तर त्याला बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवलेली असावी, म्हणजे तो पाण्यात पडला तरी होडी त्याला सोडून पुढे जाणार नाही आणि गोल फिरून त्याच्या अंगावरही येणार नाही. इंजिन सुरू झाल्याबरोबर थंडाव्यासाठी फिरणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे ना, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. ती थांबली, तर आतला मार्ग वाळूने किंवा शेवाळाने तुंबला असे समजून इंजिन तिथेच बंद करावे.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे हवे आणि होडीत पाय ठेवण्यापूर्वी ते अंगात हवे. ५० न्यूटन उत्प्लावकतेचे, म्हणजे पाण्यात वर उचलून धरण्याच्या तेवढ्या जोराचे, जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तेव्हाच पुरते. ज्याला नीट पोहता येत नाही त्याने १०० किंवा १५० न्यूटनचे घ्यावे, कारण ते पडलेल्या माणसाचा चेहरा पाण्याच्या वर राहावा अशा रचनेचे असते. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असावा, नाही तर पाण्यात पडताच जॅकेट वर सरकते आणि मूल खाली राहते.

सुट्टीपूर्वी एक दिवस काढून एखाद्या शांत, काठालगतच्या पाण्यात सगळे सामान भरलेली होडी चालवून पाहावी. सगळे बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो, एक जण बाजूला सरकला तर ती किती कलते, हे तिथेच कळते. लाइफ जॅकेट घालून प्रत्येकाने एकदा पाण्यात उतरावे आणि इंजिन बंद ठेवून मागच्या बाजूने पुन्हा होडीत चढून पाहावे. ते दिसते तितके सोपे नसते, आणि बहुतेकांना पाय ठेवायला दोरीचा फास किंवा लहान शिडी लागते, हे घरून निघण्यापूर्वी कळलेले बरे.

मासेमारीचे सामान

इथे हात आखडता घ्यावा. १.८ ते २.१ मीटर लांबीचा मध्यम ताकदीचा रॉड होडीत वापरायला सोपा. त्याहून लांब रॉड बसलेल्या सोबत्यांच्या डोक्यावरून फिरतो. त्याला २५०० किंवा ३००० क्रमांकाचे स्पिनिंग रील (दोर गुंडाळण्याची फिरकी) आणि सुमारे ०.२५ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर पुरेसा आहे. रीलचा ताण दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा; पाच किलो ताकदीच्या दोरावर साधारण दीड किलोच्या ओढीला रील सैल सुटू लागले पाहिजे. घट्ट रील म्हणजे मजबूत पकड, हा समज चुकीचा असून पहिला मोठा मासा बहुधा त्यामुळेच तुटून जातो. गळांचे क्रमांक वाढत जातात तसा गळ लहान होत जातो आणि १ नंतर १/०, २/० असे मोठ्या गळांचे क्रमांक सुरू होतात, हे विकत घेण्यापूर्वी ध्यानात असावे. काट्याशिवायचे, म्हणजे टोकाजवळ उलटी अणी नसलेले, गळ घ्यावेत किंवा पक्कडीने काटा दाबून टाकावा. माशाच्या तोंडातून गळ सहज निघतो आणि माणसाच्या बोटातूनही.

गाठ बांधल्यावर ती ओली करूनच आवळावी, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमकुवत होतो. शिशाची वजने काही देशांत निर्बंधाखाली आहेत, ब्रिटनमध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या वजनांवर १९८७ साली बंदी आली, कारण राजहंस ती गिळून विषबाधेने मरत होते. बंदी नसली तरी पोलाद, कथील किंवा टंगस्टनची वजने वापरावीत. यांखेरीज लांब नाकाची पक्कड, धारदार चाकू, लांब दांड्याची हातजाळी आणि ध्रुवित काचांचा चष्मा लागतो. हा चष्मा पाण्यावरची चकाकी कापतो, त्यामुळे बुडालेले खडक दिसतात आणि उडून येणाऱ्या गळापासून डोळेही वाचतात.

इंधन, अंतर आणि वेळ

दिवसाची सुरुवात शक्यतो प्रवाहाविरुद्ध जाऊन करावी. समजा, संथ पाण्यात होडी ताशी ८ किलोमीटर जाते आणि प्रवाह ताशी ३ किलोमीटर आहे. वर जाताना प्रत्यक्ष वेग ५ आणि खाली येताना ११ पडतो. म्हणजे पाच किलोमीटर वर जायला एक तास लागतो आणि परतायला अर्ध्या तासापेक्षाही कमी. तेच सकाळी आधी खाली गेलो आणि दुपारपर्यंत प्रवाह वाढून ताशी ५ किलोमीटर झाला, तर परतीला एक तास चाळीस मिनिटे लागतात, तीही दमलेल्या हातांनी किंवा संपत आलेल्या इंधनावर. वर गेलेली होडी इंजिन बंद पडले तरी प्रवाहाबरोबर, वल्ह्यांनी दिशा सांभाळत, मुक्कामापर्यंत येऊ शकते. इंधनाचेही तीन भाग मानावेत : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि तिसरा हात न लावण्यासाठी.

काठावर थांबलेल्या किंवा घरच्या एका जबाबदार माणसाकडे लेखी टिपण असावे. कोणत्या पट्ट्यात जात आहोत, किती जण आहोत, होडीचा रंग कोणता, किती वाजेपर्यंत परत येऊ आणि त्यानंतर किती वेळ वाट पाहून कोणाला कळवावे, एवढे त्यात पुरे. पोहोचल्यावर त्याला कळवणे हा त्या टिपणाचाच भाग आहे.

पाण्यावर

होडी पाण्यात ढकलण्यापूर्वी तिच्या तळाचे बूच लावले आहे का, हे पाहावे. मोठी जहाजे किंवा प्रवासी नावा चालतात अशा नदीवर त्यांचा खोल मार्ग सोडून कडेने जावे, समोरून होडी आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे आणि तरंगत्या खुणांचे स्थानिक अर्थ आधी शिकून घ्यावेत. लाल खूण डावीकडे ठेवायची की उजवीकडे, हे जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगळे आहे.

पाण्यातून डोके वर काढलेला एखादा मोठा खडक निवडून तो थोडा वेळ नुसता पाहावा, अशी माझी प्रत्येक नवख्याला सूचना असते. पाणी खडकावर आपटून दोन्ही बाजूंनी वेगाने निघून जाते. मागे संथ पाण्याचा एक त्रिकोण राहतो, त्यात पाने आणि फेस गोल फिरताना दिसतात आणि कधीकधी पाणी उलट खडकाकडे सरकत असते. खडकाच्या पुढच्या अंगालाही, पाणी आपटून मागे रेटले जाते तिथे, एक लहान शांत जागा असते. वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामधली सीमारेषा नीट पाहिली, तर एखाद्या शिवणीसारखी दिसते. मासा बहुधा त्या रेषेच्या आतल्या बाजूला, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. फारशी ताकद न घालवता उभे राहता येते आणि धारेतून येणारे खाद्य एका झेपेत टिपता येते. त्यामुळे आमिष संथ पाण्याच्या मध्यभागी टाकण्याऐवजी खडकाच्या थोडे वर, धारेत टाकावे आणि त्या रेषेवरून वाहत येऊ द्यावे. दोरावर लावलेला तरंगणारा बोया शेजारच्या फेसाच्या वेगानेच जातो आहे का, हे पाहत राहावे. तो फेसापेक्षा पुढे पळत असेल किंवा मागे रेंगाळत असेल, तर पाण्यावर पडलेला दोर त्याला ओढतो आहे असे समजावे. रॉडचे टोक उचलून दोर पाण्यावरून अलगद वरच्या अंगाला टाकला, की आमिष पुन्हा पाण्याच्या चालीने जाऊ लागते. नदीवरच्या मासेमारीत याहून महत्त्वाचे कौशल्य मला माहीत नाही.

होडी अशा जागेच्या अंगावर नेऊ नये. दहा-पंधरा मीटरवर, थोडे वरच्या अंगाला आणि बाजूला थांबावे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि धातूच्या तळावर पडलेली पक्कड माशाला ताबडतोब कळते, म्हणून तळावर जाड सतरंजी किंवा रबरी पत्रा अंथरावा.

नांगर टाकणे ही लहान होडीवरची सर्वांत नाजूक कृती आहे. होडी ठरवलेल्या जागेच्या बरीच वर न्यावी, पुढचे टोक प्रवाहाकडे करावे आणि नांगर फेकून न देता पुढच्या टोकावरून हळूहळू सोडावा. होडी मागे सरकू लागली, की दोर हातातून सोडत राहावा आणि खोलीच्या पाच ते सात पट दोर गेल्यावर तो पुढच्याच टोकाला बांधावा. तीन मीटर खोल पाण्यात हा दोर पंधरा ते एकवीस मीटर भरतो. मागच्या बाजूने किंवा मधूनच कडेला नांगर बांधला, तर प्रवाह तो काठ खाली दाबतो आणि होडी काही क्षणांत पाण्याने भरते. बांधलेली गाठ एका झटक्यात सुटेल अशी असावी आणि चाकू हाताशी असावा. दोराच्या शेवटी एक बोया बांधलेला असेल, तर अडचणीत दोर सोडून देता येतो आणि नंतर परत येऊन तो नांगर काढता येतो. प्रवाह इतका जोराचा असेल, की होडी मागे सरकताना धास्ती वाटावी, तर तिथे नांगर टाकूच नये.

पाण्यात पडलेली झाडेही मासे धरून असतात आणि तिथे जाण्याचा मोह होतो. फांद्यांमधून पाणी आरपार जाते, माणूस आणि होडी जात नाहीत. प्रवाह त्यांना तिथेच दाबून धरतो. अशा झाडाच्या वरच्या अंगाला कधीही थांबू नये. खालच्या अंगाने, अंतर राखून गळ टाकावा.

ऊन, वादळ आणि पाण्यात पडणे

होडीत ऊन वरून येते तसे पाण्यावरून परावर्तित होऊनही येते, म्हणून रुंद काठाची टोपी असली तरी हनुवटीखालची कातडी भाजते. लांब बाह्यांचे सैल कपडे घालावेत, सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावे आणि आमिषाला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. पिण्याचे पाणी माणशी रोज तीन ते चार लिटर धरावे. नदीचे पाणी प्यायची वेळ आली, तर ते खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळावे. दोन हजार मीटरपेक्षा उंच जागी तीन मिनिटे. मद्य मुक्कामावरसुद्धा दुसऱ्या दिवशीच्या होडीचा विचार करून घ्यावे, आणि होडीत मुळीच नको.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर होते. सेकंदांचा आकडा तीसच्या आत आला, की गळ आवरून काठ गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे पाण्यावर जाऊ नये. काठावरही एकट्या उंच झाडाखाली थांबू नये. कार्बनतंतूचा रॉड वीजवाहक असतो. वादळात तो खाली आडवा ठेवावा आणि वीजवाहिन्यांखाली तर कधीही उभा धरू नये.

कोणी पाण्यात पडलाच, तर सर्वप्रथम इंजिन बंद करावे. पडलेल्याने पाठीवर, पाय प्रवाह जातो त्या दिशेला करून तरंगावे, म्हणजे खडकावर आधी पाय लागतील. वेगवान, गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दोन दगडांत अडकला, तर प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली धरतो. होडी उलटली, तर तिला धरून राहावे, मात्र तिच्या वरच्या अंगाला, म्हणजे ती आणि खडक यांच्या मध्ये सापडणार नाही. धरणाच्या तळातून सोडलेले पाणी भर उन्हाळ्यातही अतिशय थंड असू शकते. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यास पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो, म्हणून त्या वेळी पोहण्याची घाई न करता श्वास ताब्यात येईपर्यंत तरंगत राहावे.

मुक्काम

वाळूचा दांडा आणि नदीतले बेट या दोन जागा तंबूसाठी सर्वांत सुंदर दिसतात आणि त्या दोन्ही टाळाव्यात. काठावर मागच्या पुराने आणून टाकलेल्या काटक्या आणि कचरा यांची रेषा शोधावी आणि तिच्या बरेच वर तंबू लावावा. झोपण्यापूर्वी पाण्याच्या कडेला एक काठी रोवावी, रात्री जाग आली तर विजेरीच्या उजेडात ती पाहावी. होडी पूर्ण बाहेर ओढून दोन दोरांनी बांधावी. शौचासाठी व भांडी धुण्यासाठी पाण्यापासून साठ मीटर तरी दूर जावे.

मासा सोडणे आणि ठेवणे

कोणता मासा ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे गळ टाकण्यापूर्वी ठरलेले असावे. सोडायचा मासा जाळीत, पाण्यातच ठेवून गळ काढावा. हात ओले असावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. छायाचित्र घ्यायचे असेल, तर आधी सगळी तयारी करून मासा दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. थकलेल्या माशाला तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरावे. तो स्वतःच्या बळावर निसटेपर्यंत सोडू नये. गळ खोल गिळला असेल, तर ओढून काढण्याऐवजी दोर तोंडाजवळ कापावा.

ठेवायचा मासा दोरीला बांधून तापलेल्या पाण्यात तासन् तास लोंबकळत ठेवणे क्रूरही आहे आणि त्याने मांसही खराब होते. डोक्यावर एक ठाम फटका मारून तो लगेच मारावा, कल्ले कापून रक्त जाऊ द्यावे, आतडी काढावीत आणि तो बर्फात ठेवावा. पेटीतले तापमान ४ अंशांच्या खाली राहिले पाहिजे आणि बर्फ वितळलेले पाणी काढून टाकत राहिले पाहिजे. जेवढा बर्फ उरला असेल, तेवढेच मासे ठेवावेत.

परतीपूर्वी

होडी बाहेर काढल्यावर तळाचे बूच काढून सगळे पाणी तिथेच सोडून द्यावे. इंजिनाच्या पंख्याला, नांगराच्या दोराला आणि ट्रेलरला अडकलेल्या वनस्पती हाताने काढाव्यात, चिखल धुवावा, उरलेले जिवंत आमिष नदीत टाकू नये. या कामाला अनेक जण कंटाळतात, पण झेब्रा शिंपल्यासारखे जीव अशाच मार्गांनी एका नदीतून दुसरीकडे जातात. हा शिंपला तोल सांभाळण्यासाठी जहाजांच्या पोटात भरलेल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोहोचल्याचे १९८८ साली लक्षात आले आणि नंतर तो तिथल्या अनेक नद्या-तलावांत पसरला. त्याच्या अळ्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे होडी स्वच्छ दिसली एवढ्यावर थांबू नये. होडी, जाळी, बूट आणि लाइफ जॅकेटे दुसऱ्या पाण्यात नेण्यापूर्वी किमान पाच दिवस पूर्ण कोरडी राहू द्यावीत. लगेच दुसऱ्या नदीवर जायचे असेल, तर तिथलीच होडी आणि तिथलीच जाळी भाड्याने घ्यावी.